आयली केतोलाचं ओठांचं मलम

कोइवूलात थंडी किती पडली हे माणसांच्या ओठांवरून कळतं. सुपीरियर सरोवरावरून वारा सुटला की ओठ आधी कोरडे पडतात, मग उलतात, आणि मग हसायची सोय राहत नाही. आमची माणसं तशीही फार हसणारी नव्हेत, त्यामुळे हसण्यावाचून कुणाचं अडत नाही. पण उललेल्या ओठांनी गरम कॉफी पिता येत नाही, आणि ते मात्र इथे चालत नाही. म्हणून मिशिगनच्या या वरच्या टोकाला प्रत्येकाच्या कोटाच्या खिशात एक चपटी पत्र्याची डबी असायची. डबी मूळची दाढेखाली धरायच्या तंबाखूची. आतलं मलम आयली केतोलाचं.

आयली ठेंगणी, अंगाने रुंद, आणि घरातसुद्धा लोकरीची टोपी घालून वावरणारी. तिचं आयुष्य शाळेच्या स्वयंपाकघरात गेलं. गावातले आज पन्नाशीला आलेले बाप्ये तिच्या हातचा बटाट्याचा रस्सा खाऊन मोठे झाले, आणि ताटात टाकलं म्हणून तिची बोलणीही खाऊन. तिचा नवरा रेइनो एका शनिवारी सौनातून, म्हणजे अंगणातल्या वाफेच्या न्हाणीघरातून, घाम काढून, अंग धुऊन बाहेर आला, कॉफीचा कप हातात घेतला आणि तिथेच गेला. आयलीने आधी कप उचलून ठेवला आणि मग शेजाऱ्यांना हाक मारली. हे ती स्वतःच सांगायची. सांडलं असतं ना, म्हणायची.

मलमाची रीत केतोलांच्या घरची, रेइनोची आई हिल्मा हिच्याकडून आलेली. नोव्हेंबरात हरणांची शिकार सुरू झाली की गडीमाणसं मांस घरी नेत आणि चरबी कागदात गुंडाळून आयलीच्या सौनाच्या ओसरीवर आणून देत. हरणाची चरबी मेणासारखी घट्ट, बोटाच्या उबेने हळूहळू विरघळणारी. ओठांवर तिच्याइतकं काही टिकत नाही. ती बारीक चिरायची, पाण्यात मंद आचेवर वितळवायची, फडक्यातून गाळायची, रात्रभर बाहेर ठेवून वर आलेली पांढरी वडी उचलायची, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. मग त्यात स्प्रूसच्या झाडाची राळ. तीसुद्धा ताज्या जखमेची नाही. झाडाने आपली आपण भरून काढलेल्या जुन्या जखमेवरची, तीही थोडी झाडाला ठेवून. शेवटी मधाच्या पोळ्याचं मेण. पैशाचा संबंध नाही. चरबी द्या, डबी घ्या. रिकामी झाली की आयलीच्या खिडकीत ठेवा, भरून मिळेल.

पण यातली खरी गोष्ट होती ओसरीवरची परीक्षा. नोव्हेंबरात हरणांचे नर माजावर आलेले असतात. चार दिवस माद्यांमागे धावलेल्या नराच्या चरबीला बोकडासारखा उग्र दर्प सुटतो, आणि तो कितीही गाळा, कितीही राळ घाला, जात नाही. तशी एक गुंडाळी जरी कढईत पडली तरी सगळा घाणा वाया. म्हणून आयली प्रत्येकाचा कागद उघडायची, नाक आत घालायची आणि निकाल द्यायची. बहुतेकांना ठेव म्हणायची. उरलेल्यांना सगळ्यांदेखत ऐकून घ्यावं लागायचं.

"आर्वो, हा तुझा नवरदेव किती दिवस वरातीत होता रे?"

"कालच मारला गं, ताजा आहे."

"ताजा असेल. शुद्धीवर नव्हता. हे तुझ्या सिल्वियाच्या ओठांना लावू का मी? परत तुझ्याजवळ तरी येईल का ती?"

आर्वो तुल्पो हा आयलीचा शाळासोबती, दोन घरं पलीकडचा; सिल्विया त्याची बायको. त्याची चरबी जवळजवळ दरवर्षी परत जायची, कारण त्याला शिंगं मोठी लागत. तो मान खाली घालून कागद परत गुंडाळायचा आणि बाकीचे आपापल्या बुटांकडे बघत गालात हसायचे. आयलीकडून चरबी परत येणं हा शिकारीचा भागच होता. ज्याची कधीच परत आली नाही, तो फक्त लहान हरणं मारतो, असं बाकीचे म्हणायचे.

साथीच्या पहिल्या हिवाळ्यात आयलीला ताप आला. ताप गेला, खोकला गेला, आणि त्यांच्याबरोबर वासही गेला. कॉफीचा डबा उघडला तर काही नाही. वेलदोड्याचा गोड पाव भाजला, भट्टीचं दार उघडून वाकली, तर तोंडावर नुसती गरम हवा. मोठ्या गावातला डॉक्टर म्हणाला, येईल परत, थोडी वाट बघा. आयली वाट बघत राहिली. कुणाला सांगितलं नाही. आपलं दुखणं दुसऱ्याच्या टेबलावर नेऊन ठेवायचं नाही, अशी आमच्याकडची शिकवण आहे, आणि तिने आजवर किती खोकले आणि गुडघे मुके ठेवलेत याची कुणी गणती केलेली नाही.

नोव्हेंबर आला. गडी ओसरीवर आले. आयलीने पहिला कागद उघडला, सवयीने नाक आत घातलं, आणि तशीच थोडी थांबली. चरबी पांढरी दिसत होती.

"ठीक आहे. ठेव."

दुसरी पांढरी होती. तिसरी जरा पिवळट होती, पण फार नाही. आर्वोने आपली पुढे केली तेव्हा तो आधीच परत न्यायच्या तयारीत होता.

"ठेव," आयली म्हणाली.

"ठेवू?"

"बहिरा झालास का?"

त्या दिवशी शिकारीच्या खोपटात त्याचीच चर्चा. आयली मवाळ झाली, कुणी म्हणालं. वय झालं, दुसरं म्हणालं. आर्वो खुशीत होता, पण ती खुशी त्याला पचत नव्हती, कारण आपल्या नराच्या मानेला कसला वास येत होता हे त्याला चांगलं माहीत होतं.

आयलीने मलम केलं. हातांना सगळं ठाऊक होतं. थेंब बर्फातल्या चमच्यावर टाकायचा, नखाने दाबून बघायचा. नख खोल रुतलं तर मेण कमी, तडा गेला तर जास्त. दिसायला मलम नेहमीसारखंच झालं, मधाच्या रंगाचं, वरून गुळगुळीत. डब्या भरल्या, वाटल्या. स्वतःच्या ओठांनाही सकाळ-संध्याकाळ लावलं. पुढच्या नोव्हेंबरातही तेच.

आता मागे वळून बघितलं तर कळायला पुष्कळ जागा होत्या. चर्चमध्ये तिच्या बाकावर तिच्या शेजारी कुणी बसेनासं झालं. आयलीला वाटलं, लोक अजून साथीला भितात. आर्वोची कुत्री पूर्वी तिच्याकडे ढुंकून बघत नसे, ती आता रस्त्यात दिसली की धावत यायची आणि तोंडापर्यंत उडी मारायची. आयलीला वाटलं, म्हातारपणी कुत्र्यांना माणसाची पारख येते. आणि फेब्रुवारी आला तरी खिडकीत रिकाम्या डब्या फारशा दिसेनात. इतर वर्षी या सुमाराला तिथे चळत लागायची. आयलीला वाटलं, हिवाळा सौम्य आहे. बाहेर तेव्हा छपरावरचा बर्फ फावड्याने ओढायची वेळ आली होती.

रिकाम्या खिडकीने मात्र तिला चैन पडू देईना. एके दुपारी तिने गोड पाव कागदात बांधला आणि आर्वोकडे निघाली. आर्वो मागच्या लाकडांच्या खोलीत होता. त्या खोलीचं दार गावात प्रसिद्ध होतं. उघडलं की सरोवरापर्यंत ऐकू जाई, आणि आर्वो सकाळी किती वाजता उठला हे शेजाऱ्यांना घड्याळाशिवाय कळे. आयलीने दार ढकललं. दार मुकाट उघडलं.

"तुझं दार गप्प झालं," ती म्हणाली.

"हं."

"काय केलंस?"

"बिजागरीला घातलं जरा."

आर्वोचे ओठ मधोमध उलले होते, आणि चिरेत रक्त सुकून काळं झालं होतं. कुत्री आत आली. आधी आयलीच्या अंगावर पाय ठेवून तिने तिचं तोंड हुंगलं, मग वळून दाराकडे गेली आणि खालची बिजागरी मनापासून चाटू लागली. बिजागरीवर मधाच्या रंगाचा थर होता. लाकडाच्या ओंडक्यावर तिची डबी उघडी पडलेली.

आयलीने कुत्रीकडे बघितलं, डबीकडे बघितलं, आणि मग आर्वोच्या ओठांकडे. आर्वो खिडकीतून बाहेर बघत होता. बाहेर बर्फाखेरीज काही नव्हतं.

"चांगलं आहे," तो शेवटी म्हणाला. "दाराला."

"पाव आणलाय," आयली म्हणाली.

दोघांनी कॉफी घेतली. हवेबद्दल बोलले. आर्वोला ओठांमुळे कप एका कोपऱ्याने प्यावा लागत होता.

घरी येताना आयलीला एकेक गोष्ट समजत गेली, आणि समजली ती सगळी एकाच दिशेची. चर्चमधलं बाक. कुत्री. खिडकी. दोन हिवाळे ती माजावरच्या नराचा वास तोंडाला फासून गावभर फिरत होती, रविवारी पहिल्या बाकावर बसत होती, लोकांच्या लेकीसुनांना डब्या वाटत होती. आणि सगळ्यांनी हात पुढे करून "आभार, आयली" म्हटलं होतं. तिला लाज वाटली, कानाच्या पाळ्या तापतील इतकी. मग राग आला, तो लाजेपेक्षा मोठा होता. आमच्याकडे बर्फ फुटून कुणी पाण्यात पडलं तर अख्खं गाव दोर घेऊन पोटावर सरपटत जातं. पण तुझ्या अंगाला वास येतोय हे सांगायला कुणी दोन पावलं टाकत नाही. त्याला आम्ही सभ्यपणा म्हणतो. आयलीनेही आयुष्यभर त्यालाच सभ्यपणा म्हटलं होतं, त्यामुळे भांडायला तोंड नव्हतं.

एक मार्ग सोपा होता. यंदापासून हात दुखतात म्हणायचं आणि कढई पालथी घालायची. कुणी कारण विचारलं नसतं. सगळ्यांनी मान डोलावली असती, सुटलो म्हणत घरी गेले असते, आणि हिल्माचं मलम तिथेच संपलं असतं. शेवटची आठवण म्हणून गावाकडे न कुरकुरणारी दारं तेवढी राहिली असती. हे संपणं आयलीला सोसेना. वास गेला ते तिने सोसलं होतं.

दुसरा मार्ग रस्त्यापलीकडे राहत होता. लेम्पी, रेइनोची थोरली बहीण, हिल्माची सख्खी लेक. लेम्पीचं नाक असं की चर्चच्या दारात उभं राहून आत कोण काल प्यायलंय ते सांगावं, आणि जीभ अशी की ते खरंच सांगावं. तरुणपणी ती डेट्रॉइटला मोटारींच्या कारखान्यात गेली आणि पुष्कळ वर्षं तिकडेच राहिली. त्या काळात हिल्मा अंथरुणाला लागली आणि घरात होती त्या सुनेला, आयलीला, मलम शिकवून गेली. लेम्पी कायमची परतली तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात म्हणाली होती, "आता मला शिकव." आयली म्हणाली होती, "सवडीने." ती सवड काही झाली नाही. आयलीने होऊ दिली नाही. गावात केतोला म्हटलं की लोकांना आयली आठवायची, आणि ते तिला आवडायचं. लेम्पीने पुन्हा विचारलं नाही. ती दुकानातली चेरीच्या वासाची कांडी विकत आणायची आणि चर्चच्या कॉफीच्या वेळी बरोबर आयलीच्या समोर बसून ओठांवर फिरवायची.

आयलीने कोट घातला, डबी घेतली, रस्ता ओलांडला.

लेम्पीने दार उघडलं आणि एक पाऊल मागे सरली.

"आत ये. पण तोंड धुऊन ये आधी. मोरी तिकडे."

आयलीने तोंड धुतलं. टेबलाशी बसली आणि डबी पुढे सरकवली.

"मला वास येत नाही," ती म्हणाली. "कसलाच नाही. तापापासून."

"माहीत आहे."

"कसं?"

"ईस्टरला चर्चची कॉफी करपली होती. सगळ्यांनी कुंड्यांत ओतली. तू दोन कप प्यायलीस आणि बरी झालीय म्हणालीस."

"मग बोलली का नाहीस? तू तर कुणाला सोडत नाहीस."

लेम्पीने डबी बोटाच्या टोकाने परत सरकवली. "बोलणार होते," ती म्हणाली. "सवडीने."

इतक्या वर्षांत त्या शब्दाने लेम्पीला किती लागलं असेल ते आयलीला आता कळलं, आणि पुरतं कळलं.

"नोव्हेंबरात येशील का?" तिने विचारलं. "ओसरीवर."

"तुला माझं नाक हवंय."

"हो."

"नाक एकटं येत नाही. मागून मी येते."

"शिकवीन," आयली म्हणाली. "सगळं. राळ कुठल्या झाडांची, तेसुद्धा."

"मला घाई नाही," लेम्पी म्हणाली, पण कॉफी ठेवायला उठली. परत येताना कपाशेजारी चेरीची कांडी ठेवली. "तोवर हे लाव. तुझे ओठ बघवत नाहीत."

आयलीने ती लावली. चेरी की काय ते तिला कळलं नाही.

नोव्हेंबरात सौनाच्या ओसरीवर दोन खुर्च्या होत्या. गडी आले, दोन खुर्च्या बघून थबकले, आणि आपापले कागद जरा घट्ट धरून उभे राहिले. लेम्पीने पहिला कागद उघडला, हुंगला, आयलीकडे दिला. दुसराही दिला. तिसऱ्याला तिने कागद मिटला आणि मालकाच्या छातीवर ठेवला. "ने." चौथा आर्वोचा होता. लेम्पीने तो उघडलासुद्धा नाही.

"आर्वो, हा तुझ्या आधी पोचला इथे."

"मोठा होता गं," आर्वो म्हणाला. "बारा टोकांचा."

"मग शिंगं लाव भिंतीला. हे कुत्रीला घाल, तिला आवड लागलीय."

पाठीमागून कुणीतरी हसलं, मग आणखी एक. आर्वोने मान खाली घातली आणि कागद गुंडाळला. आयली त्याच्याकडे बघत होती. दोन वर्षांत त्याचा चेहरा तिने इतका सुखी बघितला नव्हता.

चरबी चिरली, वितळली, गाळली, गोठली, पुन्हा वितळली. लेम्पीने सुरी वाकडी धरली म्हणून आयलीने तिला दोनदा टोकलं. लेम्पीने एकदा ऐकलं. कढईत राळ पडली तेव्हा आयली चुलीपासून बाजूला झाली. ही एकच जागा अशी होती जिथे हात कामाचे नव्हते. राळेचा वास आधी डोळ्यांत पाणी आणणारा तिखट असतो, मग एका क्षणी गोडीवर येतो, आणि त्याच क्षणी कढई उतरवावी लागते; जरा उशीर झाला की कडू. गेली दोन वर्षं आयलीने तो क्षण अंदाजाने धरला होता.

"तिखट आहे," लेम्पी म्हणाली. "अजून तिखट आहे."

आयली हातात फडकं धरून उभी राहिली.

"थांब." लेम्पी कढईवर वाकली. "थांब. आता."

आयलीने कढई उतरवली. मेण घातलं, ढवळलं, बर्फातला चमचा आणला, थेंब टाकला, लेम्पीचं बोट धरून तिचं नख त्यावर टेकवलं. "इतकं रुतलं की बस. लक्षात ठेव." लेम्पीने मान हलवली. पण तिचं लक्ष नखाकडे नव्हतं. तिने चमचा नाकाशी नेला आणि तिथेच ठेवला.

"कसा आहे?" आयलीने विचारलं.

लेम्पीने पुन्हा एकदा हुंगलं.

"बरा आहे का?"

"आईच्या हातांसारखा," लेम्पी म्हणाली. "झोपताना पांघरूण घालायची तेव्हाचा."

आयलीने चमच्याकडे बघितलं आणि सवयीने श्वास ओढून बघितला. काही आलं नाही. पण लेम्पीने जन्मात कधी कुणाला बरं वाटावं म्हणून एक शब्द उच्चारला नव्हता. तेव्हा आयलीने ते खरं धरलं आणि पहिली डबी तिच्याकडे सरकवली.